एक्केचाळीस लखोटे

नॉरिस ट्वेटनने शपथेवर लिहून दिलेली तक्रार अडीच पानांची होती. त्यातली दोन पानं त्याने स्वतःबद्दलच लिहिली होती, हे शनिवारी सकाळी व्हँग चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात तिची नक्कल तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या लक्षात आलं. आपण अठ्ठावीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि एकदाही दूध नासू दिलं नाही. आपले पणजोबा नॉर्डाल गावचे पहिले मतमोजणी अधिकारी होते. आपण दोन वर्षं सैन्यात काढली, तीही परदेशात. मूळ आरोप शेवटच्या अर्ध्या पानावर दाटीवाटीने बसला होता.

‘नॉर्डाल गावातल्या घरपोच मतपत्रिकांच्या एक्केचाळीस लखोट्यांवर साक्षीदार म्हणून एकाच अज्ञात इसमाचं अक्षर आहे. हा इसम म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरोघरी हिंडल्याचं आणि त्यांना खाण्यापिण्याचं आमिष दाखवल्याचंही कानावर आलं आहे. सबब ही सर्व मतं बोगस समजून बाद करावीत.’

कानावर आलं होतं ते पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर. तिथे रोज सकाळी सहा वाजता पाच निवृत्त पुरुष बसून देश वाचवतात. नॉरिस त्यांतला सगळ्यात तरुण, अठ्ठावन्नचा.

“पहारेकरी!” चुलीपाशी उभे असलेले वर्लिनकाका ओरडले. “लोकशाही वाचवून झाली असेल तर जरा पाण्याला आधण आलंय का बघ.”

वर्लिनकाका म्हणजे नॉरिसच्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय एकोणऐंशी. मासा उकडण्याचा मान गेली एकतीस वर्षं त्यांच्याकडे होता. राजकारणात ते पुतण्याच्या विरुद्ध बाजूचे, आणि बुधवारपासून त्यांनी त्याला नावाने हाक मारायचं सोडून दिलं होतं. नॉरिसने कागद घडी करून एप्रनच्या खिशात कोंबला आणि झाकण उचललं.

निवडणुकीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे लुटेफिस्कची जेवणावळ असते. वाळवलेला मासा आधी खारात भिजवून मऊ करायचा, मग तो खार उतरावा म्हणून दिवसेंदिवस पाणी बदलत बसायचं. उकडल्यावर त्याची जी थुलथुलीत खळ होते तिच्यावर इतकं लोणी ओतायचं, की खाली मासा आहे याचा विसर पडावा. नॉर्वेतले आमचे पूर्वज हे खायचे कारण दुसरं काही मिळत नव्हतं. आम्ही विस्कॉन्सिनात पोट भरलेलं असताना, तिकीट काढून, चर्चच्या बाकांवर दोन तास नंबर लावून खातो, आणि छान झालंय असं म्हणतो. या एका गोष्टीत अख्खा जिल्हा एकमुखाने खोटं बोलतो, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

कार्लीन लेफ्सांचं, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांचं, ताट घेऊन आत आली. नॉरिसची ही धाकटी बहीण गावची निवडून आलेली कारकून होती. कुत्र्याच्या परवान्यापासून मतदार यादीपर्यंत सगळं तिच्या हातात. बुधवारपासून तीही त्याच्याशी बोलत नव्हती. आमच्यात भांडण झालं की कुणी आवाज चढवत नाही, तसं केलं तर लोक काय म्हणतील! आम्ही फक्त माणसाशी बोलायचं सोडून हवेशी बोलू लागतो.

“ताट ठेवायला कुणी जागा केली तर बरं होईल,” कार्लीन खिडकीकडे बघत म्हणाली.

नॉरिसने जागा केली.

“तक्रारी खिशात घेऊन फिरणाऱ्यांनी एप्रनला निदान हात तरी पुसू नयेत.”

“कार्लीन, मी तुझ्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही. मी फक्त—”

“काका, तुम्हाला काही ऐकू आलं का?”

“मासा रटरटतोय,” काका म्हणाले.

मंगळवारचा प्रसंग नॉरिसला एकदम आठवला, आणि तो आठवावा असा नव्हता. खासदारकीची निवडणूक, अटीतटीची. त्याच्या बाजूचा सँडव्हॉस आणि पलीकडची ती कॉइल. नॉरिसने पक्षाचा पहारेकरी म्हणून नाव दिलं होतं, गळ्यात पट्टी अडकवली होती आणि दोन दिवस बसून नियमांची पुस्तिका पाठ केली होती. निरीक्षकाने टेबलापासून आठ फुटांवर आखलेल्या रेषेमागे उभं राहायचं, असा नियम. लांबचा चष्मा आपल्याला लागत नाही, असं तो गेली सहा वर्षं बायकोला सांगत आला होता; त्यामुळे आठ फुटांवरून त्याला दिसत होत्या त्या फक्त कार्लीनच्या हातातल्या पांढऱ्या चौकोनांच्या तळाशी असलेल्या हिरव्या शाईच्या ओळी. ओळी वाचता येत नव्हत्या. पण प्रत्येक लखोट्यावर त्या डावीकडे कलत होत्या, वाऱ्यावर गवत एका अंगाला झुकावं तशा. दहा, वीस, तीस. घरी भरलेल्या मतपत्रिकेच्या लखोट्यावर एका साक्षीदाराने सही करून आपला पत्ता घालायचा असतो. आणि इथे तर सगळ्यांचा साक्षीदार एकच!

“हरकत!” तो ओरडला होता.

“नॉरिस, अरे ते अक्षर—” कार्लीनने तोंड उघडलं होतं.

“हरकत घेतल्यावर कारकुनाने निरीक्षकाशी वाद घालायचा नाही. पान चौदा. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर नंबर टाका, म्हणजे पुढे शोधता येईल.”

सगळं गाव रांगेत उभं होतं. कार्लीनने तोंड मिटलं आणि एकामागून एक एक्केचाळीस नंबर टाकले. तेव्हा नॉरिसला वाटलं होतं, बहीण चोरी पकडली म्हणून गप्प झाली. रात्री सँडव्हॉस एकोणीस मतांनी मागे आहे असं कळलं, आणि बुधवारी सकाळी आठच्या ठोक्याला तो जिल्ह्याच्या कचेरीत अडीच पानं घेऊन हजर झाला. पक्षाचा माणूस, कोणी क्युसिक म्हणून होता, त्याने पाठीवर थाप मारली. “तुमच्यासारखे दहा असते तर,” असं तो म्हणाला. हे वाक्य नॉरिसने बायकोला दोनदा सांगितलं.

“लोणी कुठेय?” दारातून आवाज आला.

आर्डिस ट्वेटन, म्हणजे नॉरिस आणि कार्लीनची आई, आत येत होती. वय त्र्याऐंशी, उंची कशीबशी पाच फूट, पण या स्वयंपाकघरात बिशप आला तरी तिला विचारून बसतो. शेत विकल्यापासून ती चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायची. सप्टेंबरात पामरला, म्हणजे नॉरिसच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ते तिथेच पलंगावर होते, ना बोलणं ना ओळख. आज त्यांच्यापाशी नर्स होती.

“नॉरिस, मोठी भांडी काढ वरची. आणि असा उभा काय राहिलायस, दुधात माशी पडल्यासारखा?”

“काढतो, आई.”

वरच्या फळीवर पातेली आणि ट्रे पालथे घातलेले होते. इथली जुनी रीत अशी, की ज्याचं भांडं त्याच्या नावाची कागदी चिकटपट्टी त्याच्या बुडाला, म्हणजे जेवणावळीनंतर बायकांत भांडणं नकोत. पट्ट्या लिहायचं काम आर्डिसचं. नॉरिस ओट्याच्या अलीकडे होता, फळी पलीकडे भिंतीवर. मधलं अंतर सात-आठ फुटांचं असेल.

त्याने वर बघितलं. एकाही पट्टीवरचं नाव त्याला वाचता आलं नाही. पण तीसेक पट्ट्यांवरच्या हिरव्या ओळी डावीकडे कलल्या होत्या, वाऱ्यावर झुकलेल्या गवतासारख्या.

आईचं अक्षर त्याने जन्मभर हाताच्या अंतरावरून वाचलं होतं. वाढदिवसाची अठ्ठावन्न कार्डं, शाळेच्या डब्यातल्या चिठ्ठ्या, सैन्यात असताना दर आठवड्याला आलेली पत्रं. आठ फुटांवरून ते कसं दिसतं, हे बघायची वेळच आली नव्हती. नॉरिस पातेलं न घेताच खाली बसला, उलट्या ठेवलेल्या बादलीवर.

आई लोण्याच्या पेट्या आणायला बाहेर गेली होती. कार्लीनने त्याच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली.

“उजेड पडला का, दादा?”

“तू... तू सांगितलं का नाहीस मला?”

“सांगत होते. पान चौदा.”

“नंतर! बुधवारी! गुरुवारी!”

“बुधवारी तू मला फोन केलास का? थेट जिल्ह्याला गेलास. मला त्यांच्या पत्रावरून कळलं की माझ्या कचेरीत बोगस मतदान झालंय, आणि ते माझ्या भावाने पकडलंय.”

वर्लिनकाकांनी झारा खाली ठेवला. ते इतके हसत होते की त्यांना चुलीचा आधार घ्यावा लागला. “अज्ञात इसम! अगं, आर्डिस अज्ञात इसम झाली! आणि काय रे ते आमिष? लिंबाच्या वड्या ना? माझ्याकडेही आली होती दोन वड्या घेऊन. मी लाच खाल्ली रे, नॉरिस. दोन्ही खाल्ल्या. आणि तरी मत कॉइललाच दिलं.”

“काका, हसण्यावारी नेऊ नका. कायद्याने ते—”

“आणि पत्ता बघितलास का तिने घातलेला?” कार्लीन म्हणाली. “अरे हो, तुला कुठून दिसणार! साक्षीदाराचा राहता पत्ता हवा. आईने एक्केचाळीसही लखोट्यांवर लिहिलंय : ‘व्हँग चर्च, स्वयंपाकघर’.”

“असं कसं लिहिलं?”

“मी विचारलं तिला. म्हणाली, कुणाला काही विचारायचं असेल तर मी जिथे सापडते तिथला नको का द्यायला?”

“आणि तू ते लखोटे चालवून घेतलेस!”

“घेतले. ती कुठे सापडते ते मला माहीत नाही असं शपथेवर सांगू का? चार-चार मैल बर्फातून गाडी चालवत गेली म्हातारी, ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्याकडे. त्यांचं मत राहू नये म्हणून. सोमवारी तपासणी मंडळासमोर ते सगळे लखोटे निघणार. माझी खुर्ची जाईल ती जाईल, पण त्या एक्केचाळीस जणांची मतं कचऱ्यात जातील. आणि आईला उभं करून विचारतील, बाई, किती वड्या वाटल्या?”

एवढ्यात नॉरिसच्या खिशातला फोन वाजला. क्युसिक.

“ट्वेटनसाहेब, तुमची ती तक्रार,” क्युसिकच्या आवाजात आज थाप नव्हती. “मागे घ्या.”

“का?”

“तुम्ही कालच्या बातम्या ऐकल्या नाहीत? पलीकडच्या जिल्ह्यात एका गावाने आपली मतं एकशे सत्तेचाळीसच्या जागी एकशे चौदा लिहिली होती. दुरुस्ती झाली. आता आपला सँडव्हॉस चौदा मतांनी पुढे आहे.”

“वा! मग तर—”

“मग तर काय? नॉर्डालचे ते एक्केचाळीस म्हातारे. चर्चला जाणारे, शेतकरी, गेली चाळीस वर्षं आपल्याला मत देणारे. ते बाद झाले तर आपण गेलो. कॉइलचे वकील आता तुमची तक्रार चौकटीत घालून भिंतीवर लावतायत. सोमवारी नऊच्या आत मागे घ्या. चूकभूल झाली म्हणा. तब्येतीचं कारण द्या.”

“तुम्हीच तर म्हणालात, माझ्यासारखे दहा—”

“एकच पुरे झाला,” क्युसिक म्हणाला आणि फोन ठेवला.

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. नॉरिसने तो आधी तासून, शपथेवर सही करून, जिल्ह्याच्या कचेरीत नेऊन मग पाडून घेतला होता. पण खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं. मागे घ्यायची! पक्षही तेच म्हणतोय. आई वाचली, कार्लीनची खुर्ची वाचली, सँडव्हॉस वाचला. तत्त्वाचं काय, असा एक प्रश्न मनाच्या कोपऱ्यात उभा होता, पण तत्त्व काही जेवायला येणार नव्हतं.

“मागे घेतो,” त्याने जाहीर केलं.

“देव पावला,” कार्लीन म्हणाली आणि खरंच त्याच्या हातात एक गरम लेफ्सा ठेवली.

वर्लिनकाकांचं तोंड मात्र पडलं. आता हिशेब उलटा झाला होता. “म्हणजे चौदा मतांनी तुमचा माणूस वॉशिंग्टनात जाणार? कार्लीन, तू पण त्याच्या बाजूची झालीस होय?”

“मी आईच्या बाजूची आहे, काका. तुम्ही कुणाच्या?”

“मी लोकशाहीच्या,” काका म्हणाले. कालपर्यंत हे वाक्य नॉरिसचं होतं. “तक्रार केली ना? मग आता होऊ दे की तपास. अर्थात आर्डिसला त्रास न होता.”

“तो कसा काय?”

“ते तुम्ही बघा. मी मासा बघतो.”

वरून पहिल्या पंगतीचा पुकारा झाला. एक ते ऐंशी. मग दीड तास कुणालाच बोलायला सवड नव्हती. लोणी, बटाटे, मासा, पुन्हा लोणी. पुरुष परातीतून मासा वाहून नेत होते, आर्डिस दारात उभी राहून प्रत्येक पातेल्यावर नजर टाकत होती. नॉरिस टेबलांमधून फिरताना त्याला एकेक ओळखीचं तोंड दिसत होतं. चाकाच्या खुर्चीवरच्या मिसेस ओडेगार्ड, त्यांना मुलगा घेऊन आला होता. ऑक्सिजनची नळी लावलेला हिल्मर. हे त्यांतले होते. एक्केचाळिसांतले. मिसेस ओडेगार्डनी त्याचा हात धरून विचारलं, “आमची मतं पोचली ना रे? आर्डिस म्हणाली, तू स्वतः पहारा देत होतास. मग म्हटलं काळजी नाही.” नॉरिसने त्यांच्या ताटात नको असताना आणखी लोणी ओतलं.

तिसऱ्या पंगतीआधी आईने त्याला कोठीघरात बोलावलं. बटाट्यांच्या पोत्यांत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. आर्डिसने दार लोटलं.

“तू तक्रार मागे घेणार आहेस म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“वर्लिनच्या पोटात काही राहतं का?”

“आई, मला माफ कर. मला खरंच कळलं नाही ते तुझं अक्षर आहे. मी गाढव आहे.”

“ते जाऊ दे. त्यात नवीन काय? तू मागे घ्यायची नाहीस.”

“काय?”

“तू शपथ घेतलीस. काय बघितलंस ते सोमवारी सांगायचं. आणि मी काय केलं ते मी सांगणार. मी कोट काढून ठेवलाय, निळा.”

“अगं पण तू काही केलेलंच नाहीस! पत्ता चुकला, एवढंच. एक्केचाळीस माणसं येऊन सांगतील की त्यांनी तुझ्यासमोर स्वतःच्या हाताने मतं दिली.”

“चाळीस सांगतील,” आर्डिस म्हणाली. “एक्केचाळिसावा नाही सांगू शकणार.”

नॉरिसला आधी कळलं नाही. मग कळलं.

“बाबा.”

“त्याची मतपत्रिका ऑगस्टातच मागवून ठेवली होती. ती आली तोवर तो असा झालेला. मी पंधरा दिवस वाट पाहिली. रोज त्याच्या पुढ्यात धरायची, पामर, ही बघ, म्हणायची. डोळे उघडायचा, मिटायचा. शेवटी एका दुपारी तो झोपलेला असताना मी बसले आणि भरली. सहीसुद्धा त्याचा हात हातात धरून मी केली. आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.”

कोठीघरात लसणाचा आणि मातीचा वास होता. सहा वर्षं नॉरिस ट्वेटन बोगस मतदान शोधत हिंडत होता. स्मशानातले दगड वाचले होते, रिकाम्या घरांच्या पत्रपेट्यांत डोकावला होता, दोन सज्जन माणसांना उगाच संशयित ठरवून नंतर त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तोंड लपवत गेला होता. आज त्याला पहिलं खरंखुरं बोगस मत सापडलं, आणि ते त्याच्या आईने त्याच्या बापाच्या नावावर दिलेलं होतं. त्याला हसू आलं.

“सँडव्हॉसला दिलंस?” त्याने विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

“मग? तो आणखी कुणाला देणार होता? सगळी पत्रिका त्याच्यासारखी भरली, वरपासून खालपर्यंत. त्या ढोल्या शेरिफलासुद्धा दिलं. हात आखडत होता माझा, पण दिलं.”

“हात का आखडायचा? तूही तर त्यालाच—”

आई त्याच्याकडे बघत राहिली, लहानपणी त्याने बूट उलटे घातले की बघायची तशी.

“नॉरिस, तुझा बाप आणि मी साठ वर्षांत एकदाही एका माणसाला मत दिलेलं नाही.”

“काय सांगतेस!”

“तुम्हा पोरांना कशाला सांगायचं? शाळेत बोलला असतात. दर निवडणुकीला आम्ही एकाच गाडीतून जायचो. वाटेत तो म्हणायचा, आपण दोघं घरीच बसलो तरी निकाल तोच. मी म्हणायची, मग बस तू घरी. तो म्हणायचा, तू बसलीस तर बसतो. आणि दोघंही जायचो. तो माझं मत खोडायचा, मी त्याचं. मग येताना ॲपल पाय खायचो.”

“मग या वेळी तू... तुला दोन्ही मतं कॉइलला देता आली असती.”

“तो झोपलेला असताना? आपल्याच नवऱ्याचा खिसा कापल्यासारखं झालं असतं ते. त्याचं मत राहू नये, एवढंच वाटलं. ते चूक होतं. भरताना मला ठाऊक होतं चूक आहे. म्हणून तर सांगायचंय.”

दार उघडलं. कार्लीन होती, हातात रिकामं भांडं. तिने बरंच ऐकलेलं दिसत होतं, कारण तिचे डोळे भरले होते आणि ती हवेशी बोलत नव्हती.

“आई, सांगू नकोस. अगदी मूळचा नियम आहे तो, माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक! खटला भरू शकतात ते. दादा, मागे घे तू. ऐकू नकोस तिचं.”

“क्युसिकही तेच म्हणतो,” नॉरिस म्हणाला.

“मग झालं तर! क्युसिक म्हणतो, मी म्हणते.”

“आणि मिसेस ओडेगार्ड?” नॉरिस हळूच म्हणाला. “मी नुसतीच मागे घेतली तर कॉइलचे वकील सोडणार नाहीत. पत्ता चुकलाय ते त्यांनाही कळलंय. मग सगळी एक्केचाळीस मतं घेऊन खेचाखेच. कुणीतरी उभं राहून सांगायलाच हवं ना, की चाळीस मतं खरी आहेत. आणि माझ्यावर विश्वास कोण ठेवेल? मी अज्ञात इसम लिहून बसलोय. त्यांतलं एक मत खोटं आहे असं आईने स्वतः सांगितलं, तरच तिच्या चाळिसांवर विश्वास ठेवतील.”

हे बोलताना तो स्वतःच चकित झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो निवडणुकीबद्दल पुस्तिकेत नसलेलं काही बोलला होता. कार्लीनने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“बाबांचा नंबर किती?” त्याने तिला विचारलं.

“सतरा.” तिला बघावं लागलं नाही.

नॉरिसने खिशातून तक्रारीची नक्कल काढली, बटाट्याच्या पोत्यावर ठेवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. साक्षीदार आर्डिस ट्वेटन ही माझी आई. चष्मा नसल्याने मी तिचं अक्षर ओळखलं नाही. चाळीस लखोट्यांबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. क्रमांक सतरा तेवढा काढावा. कारण ती स्वतः सांगेल. खाली सही केली.

“सोमवारी साडेआठला गाडी घेऊन येतो. तुला शिक्षा केली तर मलाही करा म्हणेन.”

“तुला कशाबद्दल?”

“काहीतरी सापडेल.”

आर्डिसने कागद घेतला, दूर धरून वाचला, परत दिला. मग ती फळीवर हात टेकून उभी राहिली.

“काय गं, आई?”

“सतरा नंबर काढतील.”

“काढतील. तुझ्या स्वतःच्या मताला काही धक्का नाही हं. ते तू मंगळवारी येऊन दिलंयस, माझ्यासमोर,” कार्लीन म्हणाली.

“तेच म्हणते मी. माझं राहील. एकटंच.” तिचा आवाज बारीक झाला. “साठ वर्षांत पहिल्यांदा माझं मत मोजलं जाईल. त्याने एकदाही मोजू दिलं नव्हतं.”

नॉरिस पुढे सरकला. “मी आहे ना, आई. माझं मत सँडव्हॉसलाच आहे. मी खोडतो तुझं.”

“तुझं कार्लीन खोडते.”

“आई!” कार्लीन म्हणाली. बावीस वर्षं कारकून असून तिने कुणाला आपलं मत सांगितलं नव्हतं.

“मला कळतं गं. तुम्ही दोघं एकमेकांना आहात,” आर्डिस म्हणाली. “मला खोडणारा तोच एक होता.”

वरून पुकारा झाला : एकशे एकसष्ट ते दोनशे चाळीस. जिन्यावर पावलांचा गडगडाट सुरू झाला. वर्लिनकाका बाहेरून लोणी, लोणी म्हणून ओरडत होते. नॉरिसने आईचा हात हातात घेतला. आमच्यात कुणी कुणाला असा हात धरू देत नाही. तिने तो धरू दिला, आणि पंगत बसली तरी सोडवून घेतला नाही.